आबा कोणाच्या घरात मोजायचे

फाटकाच्या खांबावर खडूनं आकडा लिहून गेलेली बाई पंधरा दिवसांनी पुन्हा आली आणि म्हणाली, "ताई, तुमचं घर निवडीत आलंय." माझ्या हातात कणकेचा गोळा होता. तो तसाच धरून मी तिला मिठी मारायला निघाले होते. तिनं वेळीच टॅबलेट छातीशी धरला म्हणून तो वाचला.

निवडीत म्हणजे घरखर्चाच्या सर्वेक्षणात. देशातली माणसं काय खातात, काय वापरतात, गेल्या खेपेपेक्षा बरं चाललंय की वाईट, हे सरकार ठरावीक घरांमध्ये जाऊन विचारतं. मी पंचवीस वर्षं जळगावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. 'राहणीमान' हा धडा माझा इतका पाठ आहे की झोपेत विचारला तरी सांगेन. आणि दरवर्षी एक तरी पोरगी मागच्या बाकावरून विचारतेच, "मॅडम, तुमच्याकडे आले होते का कधी ते लोक?" दरवर्षी मी "पुढचा मुद्दा घ्या" म्हणते. पोहायला शिकवणाऱ्या मास्तरानं आयुष्यात पाण्यात पाय घातलेला नसावा, तशी माझी गत होती. आता पाणी स्वतः चालत दारात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ही बातमी तीन वेळा सांगितली. दोनदा विचारल्यावर आणि एकदा न विचारता. आमचे इतिहासाचे सर म्हणाले, "अहो, लॉटरी लागल्यासारखं काय करताय?" मी म्हटलं, "लॉटरीत पैसे मिळतात. इथे मी आकडेवारीत जाणार आहे." त्यांनी चहाचा कप उचलला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

घरी मात्र माझ्याहून जास्त हरखलेला एक माणूस होता. माझे सासरे, आमचे आबा.

आबा मूळचे धुळे जिल्ह्यातले. नोकरी सगळी दीपनगरच्या वीज केंद्रात झाली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी जळगावात हे दोन मजली घर बांधलं. खाली आम्ही, म्हणजे मी, नवरा आणि दोन मुलं. वर धाकटे दीर आणि माझी जाऊ. दीर धुळ्याला नोकरीला, येतात एखाद-दुसऱ्या शनिवारी. तीन वर्षांपूर्वी आमच्या चुली वेगळ्या झाल्या. भांडण नव्हतं. मला कॉलेजला सकाळी सातला निघायचं असतं आणि जावेचे शिवणाचे क्लास संध्याकाळी असतात, त्यामुळे एका गॅसवर दोघींची वेळच जमेना. आबांनी त्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, "दुपारले खाले, रातले वर." तेव्हापासून तसंच चाललं होतं. दुपारचं जेवण ते आमच्याकडे करत, रात्रीचं वर. दोन्हीकडे पाहुण्यासारखा मान, असं आम्ही दोघी समजत होतो.

खडूचे आकडे दोन होते. खालच्या दाराला एक, वरच्या जिन्याला एक. निवडीत आलं ते खालचं.

"म्हणजे वरचं नाही?" जाऊ त्याच दिवशी जिन्यातून म्हणाली होती.

"नाही ताई. तुमचं नाव नाही आलं."

"असू दे," जाऊ म्हणाली, "काही लोकांना सवय असते निवडून यायची." मी दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या समितीवर गेले होते, त्याचा हा हिशेब.

ठरलेल्या रविवारी सर्वेक्षणवाल्या बाई दहा वाजता स्कूटीवरून आल्या. आबा नऊपासूनच इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बैठकीच्या खोलीत बसले होते. त्यांनी दाढी केली होती, आणि कधी नव्हे ते कानातले केसही कापले होते. बाईंनी पाणी घेतलं, टॅबलेट उघडला आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"महिन्याला गोडं तेल किती लागतं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं. मागणी, पुरवठा, उपभोग, सगळं फळ्यावर काढून दाखवणारी मी, माझ्याच स्वयंपाकघरातलं तेल मला सांगता येईना. "डबा आणतो," मी म्हटलं.

"डबा किती दिवसांत संपतो?"

"संपला की आणतो."

बाई हसल्या नाहीत. सवय असावी. पण मुलगी आतून ओरडली, "आई, मागच्या महिन्यात मी आणि बाबांनी आणला होता, आणि या महिन्यात अजून अर्धा आहे!" असं करत करत तेलाचा आकडा लागला. मग ज्वारी, उडीद, तूरडाळ, साखर. तिखटाला अडचण आली, कारण आम्ही मसाला वर्षाचा एकदाच कुटून आणतो. "बाराने भागा," मी अर्थशास्त्राच्या थाटात सांगितलं. बाई म्हणाल्या, "भागून नको ताई. महिन्यात बरणीतून किती गेला ते सांगा." मी बरणी आणून उजेडात धरली. आबा उठून आले, चष्मा लावून बरणीच्या पोटावर बोट ठेवत म्हणाले, "आठपाईन आठलोंग." इथपासून इथपर्यंत. हा त्या दिवसातला आमच्या घरचा पहिला खात्रीचा आकडा.

केळ्यांपाशी तर मजाच झाली.

"केळी किती नग?"

"नग?" आबा पुढे सरकले. "नग कसा? फणी सांग."

"आबा, यात नगच लिहायचे असतात."

"जळगावमा केळी नगवर मोजतस?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं हे सगळं सर्वेक्षण कुण्या मुंबईच्या माणसानं थाटलंय. यावलकडचा एक ओळखीचा शेतकरी दर पंधरवड्याला आमच्या ओट्यावर अर्धा घड ठेवून जातो. ती केळी आम्ही मोजत नाही, संपवतो. शेवटी मुलगा म्हणाला की त्यानं स्वतः रोज चार खाल्ली, आणि त्या चारवरून आम्ही सगळ्यांची मांडणी केली. माझं घर देशाच्या आकडेवारीत शिरत होतं, एका केळ्यामागे एक केळं. खोटं नाही सांगत, पंचवीस वर्षांत फळ्यावर मी जितक्या रेषा वर चढवल्या, त्यातल्या एकीच्या टोकाला आमची फणी लटकणार होती!

मग बाई म्हणाल्या, "आता घरातली माणसं."

मी मोजली. मी, नवरा, मुलगा, मुलगी. "आणि आबा."

"आबा इथेच जेवतात?"

"दुपारचं इथे."

"आणि रात्रीचं?"

"वर."

बाईंनी बोट वरच्या वर थांबवलं. "मग ठरवावं लागेल. एक माणूस एकाच घरात लिहिता येतो. तीस दिवसांत जिथे जास्त जेवला, तिथला."

"आणि वर जास्त जेवले असतील तर?"

"तर वरच्या घरात. आणि वरचं घर निवडीत नाही."

हे आबांना समजायला दोन क्षण लागले. मग ते खुर्चीच्या अगदी कडेला आले. "मंजे मी देशमा शे का नई?"

"तसं नाही आबा. तुम्ही आहातच. फक्त या यादीत..."

"यादीमाच इचारस मी."

"यादीत कदाचित नाही."

इस्त्रीच्या शर्टात बसलेला तो माणूस एकदम लहान दिसायला लागला. बेचाळीस वर्षं देशाला वीज पुरवली, असं ते नेहमी सांगतात. म्हणजे पुरवली सगळ्या केंद्रानं, पण ते एकट्यानंच पुरवल्यासारखं सांगतात. आता देशानं घरी येऊन तेल विचारलं, मसाला विचारला, केळी विचारली, आणि त्यांनाच वगळलं होतं.

"माले बी लिखी ले व माय," ते बाईंना म्हणाले. "मी बठ्ठं आठेच जेवस."

हे ऐकताच जिन्यात पावलं वाजली. जाऊ गेला तासभर तिथेच तिसऱ्या पायरीवर बसलेली असावी, असा माझा अंदाज.

"बठ्ठं आठेच? सगळं खालीच?" ती दारात उभी राहिली. "मग वर रोज रात्री भाकरी टाकून झाकून ठेवते, ती कोण खातं? मी सासऱ्यांना उपाशी ठेवते, असं लिहून घेणार का आता?"

"तसं कोणी म्हणत नाही," मी म्हटलं.

"टॅबलेटवर लिहिलं म्हणजे म्हटल्यासारखंच आहे."

तिचं काही चूक नव्हतं. मग बाईंनीच तोडगा काढला. गेल्या तीस दिवसांतलं एकेक जेवण धरायचं. जाऊ वर जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आली. त्यावर ती दुधाच्या खुणा करते, आणि क्लासच्या सुट्ट्याही. आम्ही सगळे त्या कॅलेंडरभोवती वाकलो. मतमोजणीच्या दिवशी टीव्हीपुढे बसतात ना, अगदी तसे. मुलानं वहीत दोन रकाने पाडले, खाली आणि वर.

पहिले तीन दिवस दोन्हीकडून गेले, आबा धुळ्याला लग्नाला होते. उरले सत्तावीस. माझ्या दुपारी सत्तावीस, तिच्या रात्री सत्तावीस. बरोबरी! मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

"थांब," जाऊ म्हणाली. "सोळा आणि सतरा तारखेला वहिनी परीक्षेच्या ड्युटीवर होत्या. खाली दुपारचा स्वयंपाकच झाला नव्हता. आबांना मी वरून वाढलं."

हे खरं होतं. त्या दोन दिवसांत मी विद्यार्थ्यांना 'जीवनावश्यक गरजा' वर प्रश्न सोडवायला लावले होते आणि सासऱ्यांचं जेवण विसरले होते. मुलानं माझ्या रकान्यातून दोन वजा केले आणि तिच्यात दोन मिळवले. खाली पंचवीस, वर एकोणतीस.

"नाश्ता धरा ना," मी बाईंना म्हटलं. "सकाळचे पोहे रोज माझ्याकडे."

"पोहे जेवणात नाहीत धरत ताई."

"चांगले वाटीभर असतात. दाणेही घालते."

"नाही धरत."

"अर्धं जेवण?"

"ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही अर्थशास्त्र शिकवता ना?"

नवरा खोकला आला असं दाखवून स्वयंपाकघरात गेला.

म्हणजे निकाल लागल्यात जमा होता. आबा वरचे, आणि वरचे म्हणजे यादीबाहेरचे. बाईंचं बोट पुन्हा खाली यायला लागलं. जाऊही आता जिंकून खूश नव्हती, तिला आबांचा चेहरा दिसत होता. "बाई, मी पाच कमी केले तर?" ती हळूच म्हणाली.

"असं नाही करता येत ताई. खरं आहे तेच लिहायचं."

आबा खाली पाहत होते. त्यांच्या बोटांनी शर्टाचं खालचं बटण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग त्यांनी घसा साफ केला.

"त्यामा नऊ कमी कर," ते म्हणाले.

"काय?"

"वरना नऊ. नऊ दिन मी वर जेवनूच नई."

जाऊ कॅलेंडर धरूनच म्हणाली, "आबा, ताट रोज सकाळी रिकामं असतं. घासलेलं असतं."

"घासस मीच. भाकरी त्या शेजारना वॉचमनले देस." शेजारी एक इमारत बांधतायत, तिथे एक म्हातारा वॉचमन झोपतो.

"आणि तुम्ही?"

आबांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग बाईंकडे, जणू काही कबुली द्यायची ती सरकारलाच. "पाण्याच्या टाकीजवळ एक शेवभाजीवाला बसतो," ते एकदम शुद्ध भाषेत म्हणाले. गुन्हा कबूल करताना ते नेहमी शुद्ध बोलतात.

मी डोक्याला हात लावला. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी आबांचं तिखट आणि तेल दोन्ही बंद केलं होतं. आमच्या दोन्ही चुलींवर त्यांची भाजी वेगळी, फिकी शिजायची. आणि खानदेशातली शेवभाजी म्हणजे, ज्यांनी खाल्ली नसेल त्यांना सांगते, लाल तेलाच्या तळ्यात बुडवलेली शेव.

"नऊ वेळा?" मी म्हटलं.

"अर्धी प्लेट," आबा म्हणाले.

जावेचा आवाज बदलला होता. "आबा, माझ्या हातचं आवडत नाही का?"

"तुना हातनं बठ्ठं चांगलं शे व माय. पन तू खोलीमा मशीनवर, आनि मी भीतसंगे जेवस. तठे दीपनगरना दोन जना येतस. बोलतस."

"मग फक्त माझंच जेवण का टाळलं? दुपारी वहिनीही कॉलेजात असतात. खालीही भिंतच आहे!"

आबांनी खरोखर विचार करून उत्तर दिलं. "दुपारले तो शेवभाजीवाला बंद राहस."

आधी बाई हसल्या. सरकारी टॅबलेट हातात असलेल्या माणसानं हसू नये अशा प्रकारे हसल्या, तोंडावर ओढणी धरून. मग मुलं. मग जाऊ हसता हसता रडली की रडता रडता हसली, मला नीट कळलं नाही, कारण माझंही काही वेगळं चाललं नव्हतं. कॉलेजला जाताना मी दुपारसाठी झाकून ठेवते त्या ताटाचा मला गेली तीन वर्षं अभिमान होता. ताटावर जाळी, जाळीवर रुमाल. ताटाशेजारी कोणी बसायचं असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि आबा दुपारी कुठे गेले नाहीत याचं श्रेय माझ्या आमटीला नव्हतं, शेवभाजीवाल्याच्या वेळेला होतं.

"एकोणतीस वजा नऊ, वीस," मुलगा ओरडला. "खाली पंचवीस! आबा आपले!"

बाईंनी बोट टेकवलं. आबा उठून त्यांच्या खुर्चीमागे गेले आणि खात्रीसाठी टॅबलेटमध्ये डोकावले. बाईंनी दाखवलं: सदस्य क्रमांक पाच, पुरुष, निवृत्त. आबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग खांद्यावरून मागे वळून मला म्हणाले, "लागनू!" नोकरी लागल्यावर माणूस जसं म्हणेल, तसं.

"आता बाहेरच्या खाण्यात शेवभाजी लिहावी लागेल," बाई म्हणाल्या. "अर्धी प्लेट, नऊ वेळा."

"लिख," आबा म्हणाले. आता त्यांना कशाचंच भय उरलं नव्हतं.

बाई निघाल्या तेव्हा जावेनं त्यांना विचारलं, "आम्ही आजपासून रात्रीचं एकत्र जेवायचं ठरवलं, तर ते लिहाल का?"

"ठरवलेलं नाही लिहीत ताई, झालेलं लिहितो," त्या हेल्मेट घालत म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात येणारच आहे मी. तेव्हा काय झालं असेल ते सांगा."

त्याच संध्याकाळी जावेनं क्लासला सुट्टी दिली आणि आम्ही सगळे आबांच्या मागे पाण्याच्या टाकीकडे निघालो. जागा बघायची होती, एवढंच कारण. शेवभाजीच्या गाडीपाशी एका बाकावर दीपनगरचे दोघे निवृत्त गडी बसले होते. आमची वरात बघून त्यांतले नाना उठूनच उभे राहिले.

"धरला गयास का?" त्यांनी आबांना विचारलं.

"मी देशमा लागनू," आबा म्हणाले, आणि सकाळची सगळी हकीगत सांगितली. केळी, बरणी, नऊ वजा. पोह्यांचा भाग त्यांनी जास्त रंगवला असं मला वाटलं.

नानांचं तोंड पडलं. "आनि आमनं काय? आमनाकडे कोनीच उनं नई."

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी बाकावर टेकले आणि समजावून सांगितलं, की सगळ्यांच्या घरी जायची गरजच नसते. निवडलेलं एक घर आपल्यासारख्या कितीतरी घरांच्या वतीनं बोलतं. आबा लिहिले गेले म्हणजे त्यांच्यासारखी कितीतरी माणसं लिहिली गेली. "तुम्हीसुद्धा त्यात आलात, नाना."

पंचवीस वर्षांत हा मुद्दा इतक्या लक्ष देऊन माझ्या वर्गात कोणी ऐकला नव्हता. नानांनी गाडीवरच्या कढईकडे पाहिलं.

"मंजे यानी जी शेवभाजी खादी," ते सावकाश म्हणाले, "ती मन्हा नाववर बी लागनी?"

"एका अर्थी, हो."

"आनि मले तं डॉक्टरनी पूर्न बंद करेल शे!" ते गाडीवाल्याकडे वळले. "भाऊ, एक प्लेट दे. आख्खी. सरकारकडे लिखेल शे, आता खोटं पडायला नको."

गाडीवाल्यानं कढईत पळी घातली. जाऊ माझ्याकडे सरकून बसली, जागा कमी होती म्हणून, आणि आम्ही सहा जणांनी तीन प्लेट मागवल्या. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी यायला लागलं. आबांनी खिशातला रुमाल काढून मला दिला आणि पाव मोडता मोडता नानांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, जळगावात केळी नगावर मोजतात का म्हणून.